आरोपाच्या पाच ओळी, सुटकेची एकही नाही

सरांचा फोन रात्री साडेदहाला आला तेव्हाच लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय, कारण सर नऊच्या ठोक्याला झोपणारे. "अगं तू ते विकिपीडियावर लिहितेस ना, मग मला एवढंच सांग, माझ्याच पानावरचं माझ्याबद्दलचं चुकीचं मी काढलं तर ते मलाच तोडफोड करणारा का म्हणतायत?" आवाज चढलेला होता आणि मागून काकू आधी पाणी प्या, आधी पाणी प्या म्हणत होत्या.

सरांचं नाव लिहिणार नाही, विषयही सांगणार नाही, कारण मग तुम्ही ते पान शोधाल आणि मला नेमकं तेच नकोय. इतकंच सांगते की आयुष्यभर संशोधन केलेला माणूस, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, आणि इंग्लिश विकिपीडियावर त्यांचं अकरा ओळींचं एक पान आहे, जे कोणी बनवलं ते त्यांनाही माहीत नाही. त्या अकरापैकी पाच ओळी एका जुन्या आरोपाबद्दल आहेत. एका सहकाऱ्याने म्हटलं होतं की सरांनी त्याची निरीक्षणं न विचारता वापरली. पेपरात मोठी बातमी आली, चौकशी समिती बसली, आठ महिन्यांनी समितीने लिहून दिलं की सरांनी काहीही गैर केलेलं नाही, आणि ही बातमी आतल्या पानावर तीन वाक्यांत उरकली. आरोपाची बातमी इंटरनेटवर सापडते, ती तीन वाक्यं सापडत नाहीत. म्हणून पानावर आरोप आहे, त्याला रीतसर संदर्भ जोडलेला आहे, आणि पुढे काय झालं ते नाहीये. त्या पाच ओळींतलं एकही वाक्य खोटं नाही, पण हे सरांना त्या रात्री सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सरांनी काय केलं होतं, तर लॉगिन न करता, कारण न लिहिता, अख्खा परिच्छेद उडवला. चार मिनिटांत तो परत आला. परत उडवला, परत आला, तिसऱ्यांदा उडवला आणि मग त्यांच्या आयपी पत्त्याच्या, म्हणजे त्यांच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाच्या, चर्चापानावर (संपादक एकमेकांशी बोलतात ते पान) ताकीद येऊन पडली. मी स्वतः काही वर्षं 'अलीकडील बदल' बघत बसायचं काम केलंय, म्हणजे कोण कुठे काय उडवतंय ते बघायचं आणि नासधूस दिसली की लगेच उलटवायचं, आणि मी मनापासून सांगते, मीसुद्धा सरांचं संपादन उलटवलंच असतं. तिकडून दिसतं ते एवढंच की संदर्भ असलेला मजकूर होता, कोणीतरी अनामिक आला, कारण दिलं नाही, उडवून गेला. राजकारण्यांचे पगारी कर्मचारी अगदी हेच करतात. २००६ मध्ये अमेरिकेत मार्टी मीहान नावाच्या काँग्रेस सदस्याच्या ऑफिसातल्या लोकांनी त्यांचं पान आपल्या हाताने नवीन लिहिलं होतं आणि त्यात ठराविक मुदतीनंतर निवडणूक लढवणार नाही या त्यांच्या न पाळलेल्या वचनाचा उल्लेख गाळला होता, ते पकडलं गेलं कारण विकिपीडियाच्या इतिहास टॅबमध्ये सगळं राहतं. आता उलटवणाऱ्याला तो कर्मचारी कोण आणि दुखावलेला म्हातारा माणूस कोण हे कळावं कसं, दोघंही इतिहासात आकड्यांची एक रांग म्हणूनच दिसतात.

लोकांना वाटतं तिथे काही नियमच नाहीत, कोणीही काहीही लिहावं. नियम भरपूर आहेत, आणि जिवंत माणसांच्या पानांसाठी तर वेगळे आणि जास्त कडक आहेत, आणि ते एका माणसाला झालेल्या त्रासातून आलेत. जॉन सीगनथॉलर हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार. मे २००५ मध्ये कोणीतरी त्यांच्या नावाचं पान बनवून त्यात लिहिलं की जॉन केनेडी आणि रॉबर्ट केनेडी या दोघांच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा काही काळ संशय होता. हा माणूस तरुणपणी रॉबर्ट केनेडींचा सहायक होता, त्यांच्या अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा दिलेला होता, आणि त्यांच्याच खुनाचा संशय याच्यावर. ते वाक्य चार महिन्यांहून जास्त काळ तिथे होतं, आणि दुसऱ्या वेबसाइटनी ते जसंच्या तसं उचललंही होतं. नोव्हेंबर २००५ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी 'यूएसए टुडे'मध्ये त्यावर लेख लिहिला तेव्हा जगाला कळलं. ज्याने लिहिलं होतं त्याने पुढे येऊन सांगितलं की ओळखीच्या माणसाची गंमत करायची म्हणून लिहिलं. त्याच डिसेंबरात इंग्लिश विकिपीडियाने खातं नसलेल्यांना नवीन पान बनवायला बंदी केली आणि जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठीचं धोरण आकाराला आलं. त्याचा गाभा असा की माणूस जिवंत आहे आणि मजकूर वादाचा आहे आणि संदर्भ नाही किंवा फालतू आहे, तर चर्चेची वाट बघू नका, काढा, आणि परत घालायचं असेल तर पुरावा द्यायची जबाबदारी घालणाऱ्याची.

हे धोरण मला आजही पटतं. पण ते खोट्यासाठी बनलेलं आहे. सरांच्या पानावर खोटं नव्हतंच, तिथे अर्धं होतं, आणि अर्ध्यासाठी इतका सरळ नियम कोणाकडेच नाहीये.

म्हणजे नियम आहे, 'तटस्थ दृष्टिकोन' म्हणतात त्यातच तो येतो, की ज्या गोष्टीला चांगल्या स्रोतांमध्ये जेवढी जागा मिळालीये तेवढीच तिला पानावर मिळावी. ऐकायला किती छान वाटतं. पण स्रोत म्हणजे तरी कोण, तर बहुतेक वेळा वर्तमानपत्रं, आणि वर्तमानपत्रं आरडाओरडा असेल तिथे जातात. चाळीस वर्षं रोज प्रयोगशाळेत जाऊन काम केलं याची बातमी होत नाही, एका मंगळवारी कोणीतरी आरोप केला याची होते, निर्दोष ठरले याची झाली तरी आतल्या पानावर. मग स्रोतांच्या वजनाने पान लिहायला बसलं की प्रामाणिक माणसाच्या हातूनसुद्धा अन्यायच लिहिला जातो, आणि त्याला दोष कुठे द्यायचा, त्याने तर प्रत्येक ओळीला संदर्भ दिलाय!

शिवाय क्रियापदं. ही गोष्ट मी संपादन करायला लागल्यावर शिकले, तोपर्यंत वाचताना कधी जाणवली नव्हती. 'त्यांनी सांगितलं' आणि 'त्यांनी दावा केला' यात तथ्याचा काही फरक नाही, पण दुसरं वाक्य वाचलं की आपण त्या माणसावर थोडा अविश्वास ठेवूनच पुढे जातो. 'मान्य केलं' म्हटलं की गुन्हा लपवत होता असं वाटतं. इंग्लिश विकिपीडियाच्या लेखनशैलीच्या पानावर या शब्दांबद्दल स्पष्ट सावध केलेलं आहे, तरी रोज कुठे ना कुठे यावरूनच एडिट वॉर, म्हणजे एकमेकांचे बदल उलटवत बसायचं भांडण, पेटलेलं असतं आणि बाहेरच्या माणसाला वाटतं की काय हे एका शब्दासाठी भांडतायत. भांडायलाच पाहिजे. आणि तो 'वाद' नावाचा वेगळा विभाग, तो तर मला अजिबात आवडत नाही, कारण एकदा खण बनवला की लोक त्यात वस्तू टाकतच राहतात, पाच वर्षांपूर्वीचं ट्वीट, कुठल्या मुलाखतीतलं अर्धं वाक्य, आणि बघता बघता तो विभाग कामाच्या विभागापेक्षा मोठा होतो. जे घडलं ते आयुष्यात जिथे घडलं तिथेच, त्या वर्षाच्या परिच्छेदात लिहावं, म्हणजे त्याचा आकार आपोआप खरा राहतो, असं माझं मत.

न लिहिणं हासुद्धा पूर्वग्रहच. डॉना स्ट्रिकलंड यांना २ ऑक्टोबर २०१८ ला भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, या विषयात ते मिळालेली ती फक्त तिसरी बाई, मेरी क्युरी १९०३ आणि मारिया गोपर्ट मायर १९६३ नंतर. आणि त्या दिवशी सकाळी इंग्लिश विकिपीडियावर त्यांचं पान नव्हतं. त्याच वर्षी कोणीतरी मसुदा दिला होता, तो मे महिन्यात परत केला गेला, कारण जोडलेल्या संदर्भांवरून त्यांची उल्लेखनीयता, म्हणजे स्वतंत्र पान असण्याइतकं महत्त्व, सिद्ध होत नाही. परत करणाऱ्यावर खूप टीका झाली. मला वाटतं त्याने नियम वाचून प्रामाणिकपणे निर्णय दिला असेल, आणि म्हणूनच ती घटना मला जास्त खुपते, कारण कोणीही दुष्टपणा न करता नोबेलच्या तोडीचं काम केलेली बाई पानाबाहेर राहिली. बायकांबद्दल आधी बाहेरच कमी लिहिलं जातं, मग संदर्भ कमी, मग पान नाही. २०१५ च्या सुमाराला इंग्लिश विकिपीडियावरच्या चरित्रांपैकी साधारण १५ टक्के बायकांची होती, आता 'विमेन इन रेड' सारख्या, बायकांची पानं लिहिणाऱ्या गटांनी वर्षानुवर्षं लिहून लिहून ते २० च्या आसपास आणलंय. २०१३ मध्ये तर अमांडा फिलिपाची या लेखिकेच्या लक्षात आलं की 'अमेरिकन कादंबरीकार' या वर्गातून बायकांची नावं एकेक करून 'अमेरिकन स्त्री कादंबरीकार' या उपवर्गात हलवली जातायत, म्हणजे मूळ यादीत उरणार फक्त पुरुष. त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं तेव्हा आरडाओरडा झाला. एकही वाक्य न बदलता, फक्त पानाच्या तळातलं वर्गाचं लेबल बदलून हे होऊ शकतं.

परत सरांकडे येते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी एक ईमेल दाखवला, कुठलीतरी कंपनी, आम्ही तुमचं पान साफ करून देतो, इतके पैसे पडतील. मला घाम फुटला. २०१५ मध्ये इंग्लिश विकिपीडियाने एकाच टोळीची ३८१ खाती एकदम बंद केली होती, त्यांची पद्धत अशी की ज्यांची पानं नाकारली गेलीत किंवा काढली गेलीत त्यांना गाठायचं, पैसे घेऊन पान चढवायचं, आणि नंतर ते टिकवायचं असेल तर अजून पैसे मागायचे. सर पैसे द्यायला जवळजवळ तयार झाले होते. इतका हुशार माणूस, पण स्वतःच्या नावाखाली कोणीतरी काहीतरी लिहितंय आणि आपल्याला त्यात हात घालता येत नाही, या भावनेने माणूस सैरभैर होतो. मी म्हटलं, "सर, मला चार आठवडे द्या. आणि कृपा करून पानाला हात लावू नका." काकू म्हणाल्या मी बघते त्यांच्याकडे.

"पण मी जिवंत आहे ना, मलाच विचारा की!" हे सरांचं म्हणणं, आणि ते कोणालाही पटेल असं आहे. फिलिप रॉथ या कादंबरीकाराचंही हेच म्हणणं होतं. त्यांच्या 'द ह्यूमन स्टेन' या कादंबरीतलं मुख्य पात्र अनातोल ब्रॉयर्ड या समीक्षकावरून सुचलं असं काही जणांचं मत विकिपीडियावर होतं, रॉथ म्हणाले नाही, ते माझे मित्र मेल्विन ट्युमिन यांच्या बाबतीत घडलेल्या प्रसंगावरून सुचलं, आणि त्यांना उत्तर मिळालं की दुसरा प्रकाशित स्रोत लागेल. शेवटी २०१२ मध्ये त्यांनी 'न्यूयॉर्कर'मध्ये जाहीर पत्र लिहिलं आणि मग ते पत्रच संदर्भ झालं. लोक यावर हसतात, मला हसू येत नाही, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत. स्वतःबद्दल स्वतः सांगितलेलं सगळं मानायचं तर मीहानच्या ऑफिसने लिहिलेलं पण मानावं लागेल. विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनीसुद्धा २००५ मध्ये स्वतःच्या पानावर संपादनं केली होती, लॅरी सँगर सहसंस्थापक होते की नाही यावरून, आणि नंतर ते करायला नको होतं असं म्हणाले. त्यांच्या जन्मतारखेचाही घोळच आहे, जन्म ७ ऑगस्ट १९६६ च्या मध्यरात्रीच्या जरा आधीचा, दाखल्यावर ८ ऑगस्ट. ज्याने हे सगळं सुरू केलं त्याची साधी तारीख जर अशी, तर बाकीच्यांचं काय सांगावं. पण रॉथला पत्र छापायला 'न्यूयॉर्कर' होतं. सरांना कोण आहे? त्यांच्या खिशात फक्त तीन वाक्यांचं पिवळं पडलेलं कात्रण आहे.

आणि छापलेलं आहे म्हणून ते खरंच असतं असंही नाही, हे अजून एक दुखणं. फेब्रुवारी २००९ मध्ये जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग मंत्री होणार होते, त्यांच्या नावात आधीच दहाएक नावं आहेत, तर कोणीतरी जर्मन विकिपीडियावर मध्येच 'विल्हेल्म' घुसवलं. दुसऱ्या दिवशी मोठमोठ्या पेपरांनी ते विल्हेल्मसकट छापलं. विकिपीडियावर कोणीतरी शंका काढली तर उत्तर काय, हे बघा पेपरात आलंय की, आणि त्या बातमीचाच संदर्भ जोडला गेला. खोट्याने बाहेर जाऊन खऱ्याचा दाखला आणला. अशी गोष्ट एकदा झाली की नंतर निस्तरायला फार वेळ लागतो, कारण आता तुम्ही एका अनामिक माणसाशी नाही, छापील कागदाशी भांडत असता.

सरांच्या पानाच्या चर्चापानावर मी काय लिहिलं ते सांगते, कारण कोणाला उपयोगी पडेल. पहिल्याच ओळीत लिहिलं की मी या व्यक्तीची विद्यार्थिनी आहे म्हणून मी स्वतः पानात बदल करणार नाही, फक्त सुचवतेय. मग कात्रणाचं वर्तमानपत्र, तारीख, पान क्रमांक. संदर्भ ऑनलाइन असलाच पाहिजे असा नियम नाहीये, छापील चालतो, हे खूप जणांना माहीत नसतं, अगदी जुन्या संपादकांनाही. मग सुचवलेला मजकूर, दोन वाक्यं, आरोप आणि निकाल. कोणालाही पक्षपाती म्हटलं नाही, सरांचं वय, त्यांचा त्रास, त्यांची झोप, यातलं काही लिहिलं नाही, लिहावंसं खूप वाटत होतं.

पहिले सहा दिवस काहीच नाही. मग ज्याने तिन्ही वेळा उलटवलं होतं तोच आला. त्याने विचारलं कात्रणाचा फोटो बघायला मिळेल का. पाठवला. त्याने लायब्ररीतून तो अंक तपासून घेतो म्हटलं आणि खरोखर तपासला, कोणीतरी अनोळखी माणूस, ज्याला एक पैसा मिळत नाही, त्याने अठरा दिवसांनी येऊन लिहिलं की बरोबर आहे, आणि पाच ओळींच्या दोन केल्या. वर लिहिलं की हे आधी बघायला हवं होतं. मी त्याला धन्यवाद लिहिताना रडले.

दुसरा एक संपादक म्हणाला की दोन ओळी तरी कशाला, निर्दोष ठरले ना, काढून टाका. सरांनाही तेच हवं होतं, "जे झालंच नाही ते ठेवायचं कशाला?" इथे माझं आणि सरांचं वाजलं. मी म्हटलं ठेवूया, कारण जुनी बातमी नेटवर आहेच, ज्याला आरोप सापडेल त्याला निकालही सापडला पाहिजे, आणि तो सापडायची जागा आता जगात फक्त हे पान आहे. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला अजूनही शंभर टक्के खात्री नाही की मी बरोबर होते, नाव त्यांचं आहे, माझं नाही.

त्यातल्या त्यात हे इंग्लिश विकिपीडिया होतं, जिथे चर्चापानावर लिहिलं तर निदान महिन्याभरात कोणीतरी वाचतं. छोट्या भाषांच्या विकिपीडियांवर कितीतरी पानं अशी आहेत की ज्यांच्यावर कोणाचीच नजर नाही, आणि कधी त्याहून वाईट, की चार-पाच जणांचीच नजर असते आणि ते चार-पाच एकाच विचाराचे असतात. क्रोएशियन विकिपीडियावर जवळजवळ दहा वर्षं उजव्या राष्ट्रवादी प्रचालकांच्या, म्हणजे इतरांना ब्लॉक करायचे अधिकार असलेल्या संपादकांच्या, एका गटाचा ताबा होता, युद्धगुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची पानं गोड करून लिहिली जायची, विरोध करणाऱ्याला ब्लॉक केलं जायचं. २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने त्यावर अहवाल काढला. तिथेही नियम हेच होते, तटस्थ दृष्टिकोन, पडताळणी, सगळं हेच. चर्चापानावर भांडायला दुसरी बाजूच उरली नव्हती. म्हणून मला कोणी म्हणालं की तिथे फार भांडणं असतात बाई, आपण नको त्यात, तर मी त्यांना खातं उघडा म्हणते.

सरांचं पान माझ्या वॉचलिस्टमध्ये, म्हणजे नजर ठेवायच्या पानांच्या यादीत आहे. परवा तिथे एक बदल दिसला, छोटासाच, लॉगिन न करता केलेला, दोन-चार शब्दांचा. 'समितीला काहीही गैर आढळलं नाही' याच्या जागी 'समितीला काहीही गैर आढळलं नसल्याचा दावा त्यांनी केला'. संदर्भ तोच, कात्रण तेच, तारीख तीच. सरांनी अजून पाहिलेलं नाही, निदान फोन तरी आलेला नाही. मी चर्चापानावर नवीन विभाग उघडलाय, पहिल्या ओळीत परत तेच लिहिलंय की मी या व्यक्तीची विद्यार्थिनी आहे, आणि त्या अठरा दिवसवाल्या संपादकाला टॅग केलंय. अजून उत्तर नाही.